वंशावळीचं सॉफ्टवेअर निवडताय? आधी घरातली सगळ्यात अवघड शाखा भरून बघा

नाशकात वंशावळ हा शब्द मुख्यतः दोन ठिकाणी कानावर पडतो: रामकुंडावर आणि तहसील कचेरीत. रामकुंडावर श्राद्धाला बसलेल्या माणसाला गुरुजी विचारतात, गोत्र काय, वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. पणजोबांपाशी बहुतेकांचं घोडं अडतं आणि गावाकडच्या काकांना फोन लागतो. तहसिलात मामला आणखी कडक. जात प्रमाणपत्र किंवा पडताळणीसाठी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची आणि त्यातल्या महत्त्वाच्या नावांना कागद जोडायचे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून ज्यांनी जन्मात कधी खापरपणजोबांची चौकशी केली नव्हती, तेही मोडी वाचणाऱ्याच्या दारात उभे राहिलेले आहेत.

या सगळ्यातून कागद जमतात. कोतवाल बुकातल्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या पानाचा फोटो, फेरफाराची नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या नामावळीवरून उतरवून घेतलेली नावं, आत्याने फोनवर सांगितलेली माहिती. अर्धं व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धं वहीत, थोडं एक्सेलमध्ये. मग कुणीतरी पुतण्या विचारतो, ‘काका, यासाठी सॉफ्टवेअर नसतं का?’ असतं, आणि एक नाही, डझनांनी आहेत. पण त्यातली बहुतेक ज्या समाजासाठी बनली तिथे माणसाचं नाव जन्मभर जवळपास तेच राहतं, तारीख इंग्रजी असते आणि आडनाव सातव्या पिढीपर्यंत सापडतं. आपल्याकडे यातलं एकही गृहीत धरता येत नाही. म्हणून जाहिरातीतलं सुंदर झाड बघून सॉफ्टवेअर निवडू नका. आपल्या घरातली सगळ्यात गुंत्याची शाखा त्यात मावते का आणि भरलेली माहिती पुढेमागे बाहेर काढता येते का, या दोनच गोष्टींवर निवड करा. बाकी सगळं नंतर.

झाड काढणं हे त्याचं मुख्य काम नाही

वंशावळीचं सॉफ्टवेअर म्हणजे झाडाचं चित्र काढायचं साधन, अशी सर्वसाधारण समजूत असते. तसं साधन हवं असेल तर साध्या डिझाइनच्या अ‍ॅपमध्येही चौकोन आणि रेघा काढून काम भागतं. खरं सॉफ्टवेअर आत वेगवेगळ्या याद्या ठेवतं: व्यक्ती, कुटुंबं म्हणजे जोडपं आणि त्यांची मुलं, घटना म्हणजे जन्म, लग्न, मृत्यू, दत्तकविधान, मग ठिकाणं, आणि पुरावे. या याद्या एकमेकींना जोडलेल्या असतात. झाड हे त्या जोडणीतून हवं तेव्हा निघणारं चित्र. एक नाव बदललं की सगळ्या तक्त्यांत आपोआप बदलतं.

एक्सेल इथेच तोकडं पडतं. ‘वडिलांचं नाव’ या रकान्यात तुम्ही विठ्ठल लिहिलंत. कुठला विठ्ठल? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत. एकाच घरात पणजोबा विठ्ठल, त्यांचा नातू विठ्ठल आणि चुलत घरातही एक विठ्ठल सहज निघतो, आणि तिघांचं गाव तेच. सॉफ्टवेअर प्रत्येक माणसाला एक क्रमांक देतं आणि नातं नावाने नव्हे तर क्रमांकाने जोडतं. त्यामुळे तीन विठ्ठल तीनच राहतात. चाळीस-पन्नास माणसांपर्यंत एक्सेल चालवून घ्या, त्यात काही वावगं नाही. पण पाचव्या पिढीत शिरलात की ते हातचं सुटतं.

नावांचा घोळ

एक उदाहरण जवळून बघू. समजा, चांदोरीच्या घरात मुलगी जन्मली, नाव यमुना. लग्न होऊन सिन्नरला गेली. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, लक्ष्मी. पुढे मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव ‘लक्षुमबाई’ पडलं. सातबाऱ्यावर वारस म्हणून ‘लक्ष्मीबाई भ्र. तुकाराम’ लागलं, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. त्याहून जुन्या कागदात ‘कोम तुकाराम’, म्हणजे तुकारामाची बायको, एवढंच. आणि माहेरच्या भाऊबंदांच्या वंशावळीत ती नाहीच, कारण त्या वंशावळीत मुली लिहिण्याची पद्धत नव्हती. कागद चार आणि बाई एकच. पण साध्या अ‍ॅपमध्ये तुम्ही ‘लक्ष्मी’ भरलीत की ‘यमुना’ ही वेगळी बाई होऊन बसते, आणि चांदोरीच्या मामांकडून आलेली सगळी माहिती लटकत राहते.

म्हणून पहिली कसोटी ही: एका व्यक्तीला हवी तेवढी नावं देता येतात का, आणि प्रत्येक नाव कसलं आहे ते सांगता येतं का? जन्माचं, लग्नानंतरचं, घरातलं, कागदोपत्री चुकून पडलेलं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते आणि शोधताना कुठलंही नाव टाकलं तरी तीच व्यक्ती सापडते. मुख्य नाव म्हणून जन्माचं नाव ठेवावं, ही जगभरच्या वंशावळकारांची पद्धत आहे आणि ती आपल्यालाही सोयीची. बाईचं माहेर त्यातूनच हाती लागतं.

दुसरी अडचण मधल्या नावाची. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे दोनच रकाने ठळक असतात. बरेच जण पहिल्या रकान्यात ‘तुकाराम राघो’ असं भरून मोकळे होतात. चालतं, पण वडील जोडलेले असताना हे दुहेरी काम आहे, आणि वडिलांचं नाव पुढे दुरुस्त झालं तर मुलांच्या नावात जुनंच राहतं. ग्रॅम्प्स नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वडिलांवरून आलेलं नाव वेगळा घटक म्हणून भरता येतं आणि नाव कोणत्या क्रमाने दिसावं तेही ठरवता येतं. आपल्या पद्धतीला ते बरंच जुळतं.

तिसरी गोष्ट आडनावाची. जुन्या कागदांत ‘राघो वलद महादू’, म्हणजे महादूचा मुलगा राघो, असं असतं, आडनावाचा पत्ता नसतो. किंवा ‘पाटील’, ‘कुलकर्णी’, ‘देशमुख’ असतं, जे वतन आहे की आडनाव ते कळत नाही. एकाच मूळपुरुषाच्या दोन मुलांच्या शाखांनी दोन आडनावं लावलेली घरं जिल्ह्यात कितीतरी आहेत. आडनाव भरल्याशिवाय पुढेच सरकू न देणारं सॉफ्टवेअर असेल तर ते तिथेच सोडून द्या.

मामाची मुलगी, दुसरी बायको, दत्तक

मामाच्या मुलीशी लग्न ही अनेक समाजांत रूढ गोष्ट. अशा घराचं झाड काढलं की दोन फांद्या खाली पुन्हा एकत्र येतात. एकच माणूस मुलांचा आईकडून पणजोबा आणि वडिलांकडूनही पणजोबा लागतो. बरं सॉफ्टवेअर हे सहन करतं: माहिती एकदाच ठेवतं आणि चित्रात गरजेप्रमाणे तो चौकोन दोनदा दाखवतं. काही ऑनलाइन साधनं मात्र गोंधळतात, किंवा तुमच्याकडून त्याच माणसाची दुसरी नोंद करून घेतात. मग एकाच्या दोन व्यक्ती झाल्या, आणि पुढची सगळी नाती दोन्हीकडे अर्धीअर्धी.

पहिली बायको वारल्यावर तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न, हेही नेहमीचं. इथे प्रत्येक जोडपं हे स्वतंत्र ‘कुटुंब’ म्हणून नोंदता आलं पाहिजे, म्हणजे कोणती मुलं कोणत्या आईची ते स्पष्ट राहतं. हा तपशील उगाच नाही. वारसनोंदीच्या भांडणात तोच पहिला विचारला जातो.

दत्तकाचं तर विचारूच नका. दत्तक गेलेल्या मुलाला दोन आईवडील असतात आणि दोन्ही खरे. जन्माचे वडील एका गोत्राचे, घेणारे दुसऱ्या गोत्राचे असू शकतात. श्राद्धात नावं घ्यायची ती दत्तक घराण्याची, पण मुळाचा शोध घ्यायचा तर जन्मघराकडेही जावं लागतं. एका मुलाला दोन जोडप्यांशी जोडता येतं का, आणि त्यातलं नातं जन्माचं की दत्तकाचं हे लिहिता येतं का, ते सॉफ्टवेअर बसवल्याच्या पहिल्याच दिवशी तपासा.

तिथी, शक आणि सिंहस्थ

तारखांच्या बाबतीत आपली परवड सगळ्यात जास्त. ग्रॅम्प्समध्ये इस्लामी कॅलेंडर आहे, ज्यूंचं आहे, इतकंच काय, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात बारा-तेरा वर्षं चाललेलं कॅलेंडरसुद्धा आहे. शालिवाहन शक मात्र नाही. इतर नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही त्याची अपेक्षा धरू नका.

यावर उपाय सोपा, पण शिस्त हवी. तारखेच्या रकान्यात इंग्रजी तारीख अंदाजाने भरायची आणि मूळ नोंद जशीच्या तशी शेजारच्या टिपणात उतरवायची. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पण वर्ष पाडव्याला बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. ‘शके १८१० सर्वधारी नाम संवत्सर, माघ वद्य’ अशी नोंद असेल तर ते १८८८ नव्हे, १८८९. संवत्सराचं नाव इथे ताळा म्हणून उपयोगी पडतं. शके १८१० ला सर्वधारीच यायला हवं. दुसरं काही लिहिलेलं असेल तर आकडा वाचताना तुमची किंवा लिहिताना लेखकाची चूक झालेली आहे. मात्र शक नसून नुसतं संवत्सर असेल तर जपून. तेच नाव ६० वर्षांनी परत येतं, त्यामुळे आजोबा आणि नातू यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. मोडी कागदात अरबी आकडेशब्दांतला सुहूर सन भेटला तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिना बघून.

आणि ज्यांची तारीखच नाही त्यांचं काय? आपल्याकडची म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, खूण सांगतात. ‘सिंहस्थाच्या आदल्या वर्षी झाला’, ‘प्लेगात गेली’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं’. नाशिककरांना सिंहस्थ ही बारा वर्षांची हुकमी खूण आहे. यातून ‘च्या सुमारास’, ‘च्या आधी’, ‘च्या नंतर’, ‘या दोन वर्षांच्या दरम्यान’ अशा तारखा तयार होतात, आणि त्या तशाच भरता येणं फार महत्त्वाचं. दिवस-महिना-वर्ष पूर्ण भरल्याशिवाय जे सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही ते तुमच्याकडून खोट्या तारखा लिहून घेणार. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांचा कचेरीतही उपयोग होतो. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. त्या तारखेआधीच्या सगळ्या नोंदी गाळून दाखव, असं सॉफ्टवेअरला सांगता आलं तर अर्धी रात्र वाचते.

एक जून आणि पुराव्याची गोष्ट

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या बघितली तर त्या दिवशी काही विशेष घडत असावं असं वाटेल. घडत काहीच नव्हतं. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून द्यायचे. दाखल्यावर तीच, पेन्शनमध्ये तीच, आधारवरही तीच. आई मात्र सांगते की तू पाडव्याच्या आदल्या दिवशीचा.

कोणती भरायची? दोन्ही. चांगलं सॉफ्टवेअर एकाच घटनेच्या दोन नोंदी ठेवू देतं आणि प्रत्येकीला ‘हे कुठून कळलं’ याचा धागा बांधू देतं: एकीला शाळेचं जनरल रजिस्टर, दुसरीला आईचं तोंडी सांगणं, अमुक दिवशी. वंशावळीच्या कामात हौशी आणि जाणता यांच्यातला फरक मुख्यतः या एका सवयीचा असतो. पुराव्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये किती सुटसुटीत आहे ते बघा. दर नावामागे सात खिडक्या उघडाव्या लागत असतील तर चौथ्या दिवशी तुम्ही पुरावा लिहिणं सोडून द्याल. एकदा भरलेला पुरावा, म्हणजे समजा फेरफाराचं एक पान, त्यातल्या पाचही भावांना पुन्हा न टाइप करता जोडता आला पाहिजे.

रामकुंडावरच्या वह्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. तीर्थोपाध्यायांच्या वहीत गावागणिक नोंदी असतात. त्या त्या वेळी तीर्थाला आलेल्या माणसाने स्वतःचं, भावांचं, मुलांचं, वडील-आजोबांचं नाव दिलेलं असतं, पुष्कळदा खाली सहीसुद्धा असते. जुनी पानं मोडीत. नोंद सापडली की नुसती नावं उतरवून घेऊ नका. ती नोंद कोणत्या गावाखाली होती, कोण आलं होतं, केव्हा, हेही लिहा. कारण आलेल्या माणसाने स्वतःच्या वडिलांबद्दल दिलेली माहिती पक्की, पण पणजोबांबद्दलची ऐकीव असू शकते. पुराव्याच्या रकान्यात हा भेद मांडता येतो.

गाव तेच, जिल्हा वेगळा

नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीच्या कागदात तुमचं गाव खानदेशात किंवा अहमदनगरात निघेल. मोगली अमलातल्या कागदात तर नाशिकच नाही, गुलशनाबाद आहे. बागलाण तालुका म्हणावा तर गाव सटाणा. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके अलीकडचे. पिंपळगाव आणि वडगाव यांची तर मोजदादच नको.

म्हणून ठिकाण म्हणजे नुसती लिहिलेली ओळ असू नये, गाव-तालुका-जिल्हा-राज्य अशी उतरंड असावी. ग्रॅम्प्समध्ये अमुक सालापर्यंत हे गाव या जिल्ह्यात, नंतर त्या, असंही नोंदता येतं. ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी निदान गावाच्या नावाचं एकच रूप ठरवावं आणि तेच सगळीकडे वापरावं. नाहीतर सॉफ्टवेअरच्या लेखी ‘पिंपळगाव ब.’, ‘पिंपळगाव बसवंत’ आणि ‘पिंपळगांव’ ही तीन गावं. १८८३ सालचं मुंबई गॅझेटियरमधलं नाशिकचं पुस्तक इंटरनेटवर मिळतं. जुन्या तालुक्यांचा अंदाज घ्यायला ते चांगलं आहे.

देवनागरी: पडद्यावर बरोबर, कागदावर बेपत्ता

आता बहुतेक सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली संगणकाची एकच अक्षरपद्धत, समजतात, त्यामुळे मराठीत भरायला अडचण येत नाही. अडचण येते छापताना. पडद्यावर ‘त्र्यंबक’ नीट दिसतो आणि पीडीएफमध्ये त्याचे तुकडे होतात, किंवा ‘शिंदे’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. कारण जोडाक्षरं आणि वेलांट्या योग्य जागी रचायचं काम छपाईचा वेगळा भाग करतो, आणि तो सगळीकडे सारखा चांगला नसतो. त्यामुळे निवडण्याआधी पाच नावं भरून एक तक्ता पीडीएफ करून बघाच: त्र्यंबक, कृष्णाबाई, ज्ञानेश्वर, विठ्ठल, शिंदे. ही पाच निघाली तर उरलेली निघतील. अनुक्रमही तपासा. नावं अ, आ, इ अशा क्रमाने लागतात की कशीही, ते शंभर माणसं झाल्यावर फार जाणवतं.

घरात छापील कुलवृत्तांत असेल आणि त्याची जुनी संगणक फाइल कुणाकडे असेल, तर ती बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधली असते. उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. ती फेकू नका. रूपांतर करून देणारी साधनं मिळतात, आणि पाचशे नावं परत टाइप करण्यापेक्षा रूपांतरातल्या चुका सुधारणं सोपं.

रोमन लिपीतलं नावही पर्यायी नाव म्हणून भरून ठेवा. अमेरिकेतल्या पुतणीच्या मुलांना देवनागरी वाचता येईलच असं नाही, आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग हाही एक पुरावाच आहे.

माहिती बाहेर काढता येते का?

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लोक बघतात ती. सॉफ्टवेअर बंद पडतात. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने दिलेलं पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल हे फुकट सॉफ्टवेअर जगभर वापरात होतं. २०१३ मध्ये ते थांबवलं. जाणकारांचं लाडकं द मास्टर जीनिअलॉजिस्ट २०१४ मध्ये बंद झालं. फॅमिली ट्री मेकर बंद करणार असं अ‍ॅन्सेस्ट्री कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं तेव्हा ते वापरणाऱ्यांच्या पोटात गोळाच आला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतलं म्हणून निभावलं.

यावरचा उतारा म्हणजे जेडकॉम. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची ही ठरलेली फाइल. १९८४ मध्ये मॉर्मन चर्चनेच ती तयार केली. तिचं काम शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं: तो हातात असला की मूल दुसऱ्या शाळेत बसतं. आतून ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ०, १, २ असा आकडा असतो. शून्य म्हणजे नवी व्यक्ती किंवा कुटुंब, एक म्हणजे त्याची माहिती, दोन म्हणजे त्या माहितीचा तपशील. पन्नास वर्षांनी कुठलंही सॉफ्टवेअर उरलं नाही तरी माणूस ती डोळ्यांनी वाचू शकेल, हा तिचा खरा मोठेपणा.

सध्या जास्त चालते ती ५.५.१ ही आवृत्ती, मूळची १९९९ ची. ७.० ही नवी आवृत्ती २०२१ मध्ये आली. देवनागरीसाठी बाहेर काढताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं मिळतील. आणि एक खाचखळगा: जुन्या आवृत्तीत फोटो जात नाहीत, फोटो कुठे ठेवलाय एवढा पत्ताच जातो. ७.० मध्ये फोटोंसकट गठ्ठा बांधायची सोय आहे, पण ती सगळीकडे पोचलेली नाही. म्हणून फोटो आणि स्कॅन एका वेगळ्या फोल्डरमध्ये समजतील अशा नावांनी ठेवा, ‘फेरफार_सिन्नर_१९३२_तुकाराम’ अशा.

ऑनलाइन की आपल्या संगणकावर?

अ‍ॅन्सेस्ट्री, मायहेरिटेज या वर्गणीच्या साइट. त्यांच्या वर्गणीत खरं मोल आहे ते त्यांच्याकडच्या जुन्या नोंदींचं: जनगणना, चर्चची रजिस्टरं, जहाजांच्या प्रवासी याद्या. त्या मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या. निफाड तालुक्यातल्या शेतकरी घराला त्यांत फारसं हाती लागणार नाही, त्यामुळे केवळ नोंदींच्या आशेने वर्गणी भरू नका. आपल्या नोंदी भूमी अभिलेखात, राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरच्या स्कॅनमध्ये, शाळेच्या कपाटात आणि उपाध्यांच्या वह्यांत आहेत.

फॅमिलीसर्च फुकट आहे, तेही मॉर्मन चर्चचंच. पण तिथे झाड तुमचं एकट्याचं नसतं. सगळ्या जगाचं मिळून एकच झाड, आणि वारलेल्या माणसाची माहिती कुणीही खातेदार बदलू शकतो. विकीट्री आणि जेनी यांचाही भर एका सामाईक झाडावर आहे. दूरच्या भाऊबंदांचा शोध घ्यायला हे उत्तम. पण भाऊबंदकीत मूळपुरुष कोण यावर वाद असेल तर तो वाद आता इंटरनेटवर सुरू होईल, एवढं ध्यानात असू द्या.

माझा कौल असा: मूळ प्रत आपल्या संगणकावर ठेवा, आणि ऑनलाइन खातं नातेवाइकांना दाखवायला किंवा त्यांच्याकडून माहिती गोळा करायला वापरा. संगणकासाठी ग्रॅम्प्स फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि वर सांगितलेल्या बहुतेक कसोट्यांना उतरतं. त्याचं वाईट म्हणजे पहिले आठ दिवस ते अंगावर येतं. रकाने भरपूर, भाषा कोरडी. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी रूट्समॅजिक अधिक सोपं. त्याची फुकट आवृत्ती सुरुवातीला पुरते. घरात संगणकच नसेल, सगळं मोबाइलवर असेल, तर मायहेरिटेज किंवा फॅमिलीसर्चचं अ‍ॅप घ्या, पण महिन्याकाठी माहिती बाहेर काढून ठेवता येते का ते आधी बघा.

निवडायची पद्धत मात्र एकच. दोन सॉफ्टवेअर उतरवून घ्या. दोन्हींत तीच दहा-बारा माणसं भरा आणि ती मुद्दाम अवघड निवडा: दत्तक गेलेला काका, दोन लग्नांचे आजोबा, नाव बदललेली आजी, मामाच्या मुलीशी लग्न झालेला आतेभाऊ, नुसतं ‘प्लेगात वारले’ एवढंच ठाऊक असलेले पणजोबा. मग एकाची जेडकॉम फाइल काढून दुसऱ्यात घाला आणि काय गळलं ते बघा. टिपणं गेली? दत्तकाचं नातं जन्माचं झालं? आजीचं माहेरचं नाव हरवलं? एका रविवारचं काम आहे. सरळसोट शाखा भरून बघण्यात अर्थ नाही, ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीटच बसते.

जिवंत माणसं

वारलेल्यांची माहिती कितीही खोल भरा. जिवंतांच्या बाबतीत हात आखडा. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख ही बँकेच्या सुरक्षा प्रश्नांची नेहमीची उत्तरं आहेत. कुणाचा घटस्फोट, कुणाचं दत्तक असणं हे त्या माणसाने घरातसुद्धा सांगितलेलं नसतं. झाड कुणाला पाठवताना ‘जिवंत व्यक्ती वगळा’ असा पर्याय असतो, तो वापरा. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीला कुलूप लावता येतं आणि बाहेर काढताना कुलूपबंद नोंदी मागे ठेवता येतात. आधार कार्डाचे फोटो या कामात आणूच नका. वयाचा पुरावा हवा तर दाखल्याची प्रत पुरते.

तहसीलातही छापील झाड दाखवून काम होत नाही, हे जाता जाता सांगतो. तिथे प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदांच्या नकला लागतात. सॉफ्टवेअरचा उपयोग एवढाच की कोणत्या नावाला कोणता कागद आहे आणि कुठे फट आहे ते एका नजरेत कळतं, आणि वकिलाकडे जाताना तुम्ही पिशवीभर नव्हे तर नेमके कागद घेऊन जाता. घरात मात्र छापील तक्त्याला दुसरा मान आहे. भाऊबंदांत कुणी गेलं की सुतक कुणाकुणाला, हा फोन येतोच. मूळपुरुषापासून खाली येणारा तक्ता भिंतीवर असला की तो फोन दोन मिनिटांत आटोपतो.

राखण्याचं काम वर्षातून एकदा केलं तरी चालतं. पितृपक्षात नाहीतरी तिथ्या विचारायला सगळे एकमेकांना फोन करतात. नवी नावं, नव्या दुरुस्त्या तेव्हाच हाती येतात. त्या भरून झाल्या की जेडकॉम फाइल आणि फोटोंचं फोल्डर यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, एक ऑनलाइन ठेवा, आणि एक अशा चुलत भावाला किंवा भाचीला द्या जिला यात गोडी आहे. पासवर्डही तिला सांगून ठेवा.